महाळुंग्यात उरलेली जागा

प्रवासवर्णन लिहावं इतका हा प्रवास लांबचा नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली माणसं नॉर्वेला जाऊन येतात आणि गच्चीवर पडदा लावून फोटो दाखवतात. मी चाकणजवळच्या महाळुंग्याला जाऊन आलो. अंतर पस्तीसेक किलोमीटर. परत आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "तिकडे काय आहे बघण्यासारखं?" मी म्हटलं, "एक मंगल कार्यालय आहे." त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. टाळता न येणारं कुणाचं तरी लग्न असावं, असं त्यांना वाटलं.

टाळत होतो हे खरं. लग्न मात्र नव्हतं.

झालं असं की श्रद्धा नावाच्या मुलीचा फोन आला. मूळची परभणीची, चाकणच्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. "सर, आम्ही गुरुवारी डेमोपार्टी करायलोत. तुमची ती जुनी चार केबीची इंट्रो दाखवायची आहे. तुम्ही स्वतः येऊन दोन शब्द बोला. साउंड मिलिंद सर बघायलेत."

शेवटचं वाक्य नसतं तर मी तब्येतीचं कारण सांगितलं असतं.

डेमो म्हणजे कशाच्याही उपयोगी न पडणारा प्रोग्राम. सुरू केला की दोन-चार मिनिटं पडद्यावर चित्रं हलतात, संगीत वाजतं आणि संपतं. त्यात आधी काढून ठेवलेलं चित्र नसतं की भरून ठेवलेलं गाणं नसतं. सगळं त्या क्षणी गणिताने घडवायचं, तेही ठरलेल्या जागेत. आमच्या प्रकाराला, म्हणजे चार केबीच्या इंट्रोला, जागा होती चार हजार शहाण्णव बाइट. एक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर धरा. म्हणजे दोन पानी पत्राच्या जागेत डोंगर, पाणी, सूर्य आणि वर वाजंत्री. हा उद्योग करणारे जगभर आहेत. टोपणनावाने वावरतात, एखाद्या हॉलमध्ये जमून एकमेकांची कामं बघतात, मतं देतात. पगार कुणी देत नाही. मिळतं ते एवढंच, की शेवटी पडद्यावर नाव येतं.

इंजिनियरिंगला असताना अशी एक इंट्रो मी आणि मिलिंदने केली. मिलिंदचे वडील आकुर्डीच्या कारखान्यात फिटर होते. घर पिंपरीला, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्याने सुट्या भागांतून जुळवलेला कॉम्प्युटर होता. चित्रं माझी, आवाज त्याचा. आवाज म्हणजे शिफ्ट सुटताना वाजणारा कारखान्याचा भोंगा, गणिताने हुबेहूब उभा केलेला, आणि पुढे त्याच भोंग्याची चाल होत जायची. म्हणून त्याने टोपणनाव घेतलं भोंगा. मी घेतलं शून्य. नम्रतेची हौस मला तेव्हापासून.

परदेशातल्या एका पार्टीला आम्ही ती पाठवली. तिसरी आली. तिच्यावर मला नोकरी लागली, त्या नोकरीवर पुढची, आणि आज मी माणच्या आयटी पार्कातल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर बसून इतरांनी केलेल्या कामाच्या स्लाइड दाखवतो. पडद्यावर शेवटी एकच नाव होतं. शून्य. मिलिंदला मी सांगितलं, जागा उरली नाही. तो म्हणाला, "बरं." आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कारण लगेच पटतं. म्हणून तर तेच सांगितलं.

त्याला बावीस वर्षं झाली. माणहून महाळुंगे तासाभराच्या अंतरावर. रोज माणपर्यंत जात होतो.

जागा उरली होती. ते त्याला सांगायला मी निघालो.

बुधवार: भलतं महाळुंगे आणि खरं

पुण्याभोवती महाळुंगे दोन आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी फोनवर नकाशा लावताना मी वरचं दाबलं आणि बालेवाडीमागे एका अर्धवट टॉवरखाली जाऊन उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, "सँपल फ्लॅट बघायचाय का?" पाच मिनिटं मला फार हायसं वाटलं. इथूनच फिरावं, पत्ता चुकला म्हणून कळवावं. हेही कारण पटण्यासारखंच होतं. तेवढ्यात त्याने खरोखरच सँपल फ्लॅट उघडून दाखवला. दोन खोल्यांच्या जागेत तीन बसवल्या होत्या. बिल्डर आमच्याच पंथाचा निघाला. ओशाळून मी गाडी वळवली.

मोशीला मिसळ खाल्ली. कोथरूडची मिसळ आपण तिखट आहोत असं सांगते. मोशीची सांगत बसत नाही. चाकण चौकातल्या दीड तासाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो काढलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही काढला त्यांना खरं वाटायचं नाही.

महाळुंग्यात तिन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती आणि मध्ये गुलाबी कमानीचं कार्यालय. दारात खुर्ची टाकून मालक बसले होते. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. साठी उलटलेली, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. जमीन कंपन्यांना गेल्यावर राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी हे कार्यालय बांधलं.

"पाव्हनं कुनीकडचं?" ते म्हणाले. "नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

"मी डेमोसाठी आलोय."

"ठाव हाय. गंमत केली. पोरांनी सांगितलंय मला, ल्हान जागंत मोठं चित्र. म्या म्हनलं, त्यात काय, आमी गुंठ्यात चार मजलं उभं करतो."

आत स्टेजवर थर्माकोलची शुभविवाहाची कमान तशीच होती. तिच्याखाली पाठमोरा वाकलेला माणूस दातात वायर धरून सोलत होता. केस पांढरे झालेले, पण वाकायची पद्धत तीच. मिलिंद आता वेल्डिंगच्या रोबोंचे प्रोग्राम लिहितो, हे मला श्रद्धाने सांगितलं होतं. तो वळला. वायर तोंडातून काढली.

"ये राव. चहा झाला?"

जणू मागच्या आठवड्यात भेटलो होतो. मी रस्ताभर वाक्य घोकलं होतं. म्हटलं, "मिलिंद, मला तुला एक—"

"ही धर जरा," तो म्हणाला आणि स्पीकरची वायर हातात दिली.

ती मी दोन तास धरली. मध्ये माझी इंट्रो जुन्या कॉम्प्युटरवर एकदा लावून बघायची होती, तर मिलिंद म्हणाला, "बघायला काय, पाठ आहे." ते त्याने कोणत्या अर्थाने म्हटलं, हे मी मुक्कामाला देहूपर्यंत जाताना ठरवत राहिलो. पस्तीस किलोमीटरवर घर असताना मी देहूच्या लॉजवर राहिलो, कारण घरी गेलो असतो तर परत आलो नसतो.

गुरुवार: लाइट

पार्टी गुरुवारी का, तर या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी हे लोक कामावर असतात. चाळीसेक जण जमले होते, बहुतेक कारखान्यांतले, काही माणहून आलेले. प्रत्येकाने आपापला कॉम्प्युटर काखोटीला मारून आणलेला, दोघांनी तर कंपनीच्या भंगारातून उचललेले यंत्रांचे पडदे. अशा पार्ट्यांना परदेशात गार पिझ्झा खातात असं मी वाचलं होतं. इथे अप्पांच्या आचाऱ्याला एकच बेत येत होता, म्हणून सकाळी अकरालाच मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा. मतदानालाही कार्यालयात जे होतं तेच वापरलं. प्रत्येकाला अक्षतांच्या तीन पुड्या. जे काम आवडेल त्याच्या ताटात पुडी टाकायची.

कोथरूडात कार्यक्रम म्हटला की आधी सत्कार. इथे तसलं काही नसेल या समजात मी होतो. पण अप्पांचं म्हणणं पडलं की आपल्या मांडवात पाव्हणा मोकळ्या खांद्यानं बसायचा नाही. त्यांनी मला शाल घातली, नारळ दिला, आणि श्रद्धाने माइकवरून सांगितलं, "ही इंट्रो सरांनी एकट्यानं केली." साउंडच्या टेबलामागे मिलिंद एक बटण वरखाली करत होता. तो हसला की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी नारळाकडे बघत होतो.

मग एकेक काम सुरू झालं. एका मुलीने कांदा केला होता. त्याचा पापुद्रा निघतो, आत दुसरा कांदा, त्यात तिसरा, असा खोल खोल, आणि प्रत्येक पापुद्र्याला वेगळा सूर. सगळा मिळून एक हजार बाइट. "चाकणचा हाय," अप्पा पहिल्या रांगेतून म्हणाले. दुसऱ्याने चाकण चौक दाखवला. त्यात काहीच हलत नव्हतं. मागून कुणी ओरडलं, "भावा, हँग झालं का?" तो शांतपणे म्हणाला, "नाही, चालू आहे." याला हशा सगळ्यात मोठा.

तिसरं काम अर्ध्यावर असताना लाइट गेली.

आता हे नीट ऐका. भोसरीपासून चाकणपर्यंत लहान पोरालाही माहीत आहे की दुरुस्तीसाठी लाइट घालवायची तर गुरुवारी घालवतात, कारण गुरुवारी सुट्टी असते. त्या कार्यालयात चाळीस इंजिनियर आणि टेक्निशियन बसले होते. एकेका बाइटसाठी आठवडे घालवणारी माणसं. सुट्टी म्हणून सगळ्यांनी गुरुवार धरला, आणि गुरुवारी सुट्टी असल्यामुळे काय होतं ते एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"जनरेटर?" श्रद्धाने विचारलं.

"हाय की," अप्पा म्हणाले. "पर डिझेल लगीनघरानं आनायचं आसतं. तुमच्यात लगीनघर कोन?"

डिझेल आणायला मोटरसायकल गेली. लोक सावलीला पांगले. मी मिलिंदला गाठलं. तो कार्यालयाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ पायरीवर बसला होता. भिंतीपलीकडे बंद कारखाना. मी शाल काढून मांडीवर घेतली.

"मिलिंद, तेव्हा मी तुला जागा नाही म्हणालो."

"हं."

"जागा—"

"शिरीष, थांब." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला माहीत आहे तेच मला काय सांगतोस? मी ती फाइल त्याच आठवड्यात उघडून मोजली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास जागा नाही. मी म्हणालो बरं. अजून काय बोलायचं होतं?" मग, "लाइट आली की माइक आहे. सांगायचं तर त्यांना सांग. मघाशी त्यांनी ऐकलं ना, एकट्यानं केली म्हणून."

मी शाल त्याच्या खांद्यावर टाकायला गेलो. मला वाटलं, निदान एवढं तरी.

"उकडतंय राव," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडंच."

अप्पा टाकीचा कॉक बघायला आले होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "कशाची जागा म्हनं?" मिलिंदने दोन वाक्यांत सांगितलं. पडद्यावर दोन नावं यायची होती, एक काढलं, जागा कमी होती म्हणून.

"आमी थोरल्या बहिनीचं काढलं," अप्पा सहज म्हणाले. "सात-बाऱ्यावरनं. तिलाबी आसंच सांगितलं, ताई, जागा कमी हाय, वाटनी झाली तर कुनालाच पुरायची न्हाई. सही केली बिचारीनं. दिवाळीला येती आजून, डबा घिऊन."

"किती होती जागा?" मिलिंदने विचारलं.

"चार एकर."

अप्पांनी कॉक घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हे सगळं बाइटांवर जाईल. मिलिंदच्या घरी मी शेकडो वेळा जेवलो. त्याची आई भाकरी टाकताना माझ्यासाठी एक जास्त टाकायची. आमच्या घरी तो यायचा तेव्हा माझी आई त्याच्याशी फार चांगलं वागायची. इतकं चांगलं ती दुसऱ्या कुठल्याच मित्राशी वागत नसे. आणि पानं मांडायच्या आत तो निघालेला असायचा. "राहा म्हटलं, थांबला नाही," असं आई म्हणायची. मी कधी त्याचा हात धरून त्याला बसवलं नाही. नाव वगळताना हे मला आठवलं का? नाही. आठवावं लागावं इतकं ते दूर नव्हतंच, अंगवळणी होतं.

गुरुवार, दुपार

लाइट तीनला आली, डिझेलच्या आधी. माझं नाव पुकारलं. मी शाल पांघरूनच उभा राहिलो. काढली असती तर नाटक वाटलं असतं, आणि ठेवली तरी वाटतच होतं.

मी म्हटलं, "ही इंट्रो मी एकट्याने केलेली नाही. अर्धी मिलिंदची आहे. शेवटच्या संध्याकाळी फाइल चार हजार एकशे तीन झाली. सात बाइट जास्त. मिलिंदचं टोपणनाव इंग्रजीत सहा अक्षरांचं, दोन नावांमध्ये बेरजेचं एक चिन्ह. ते काढलं, बरोबर बसली. इथपर्यंत तुम्हीही तेच केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठावीस बाइट मोकळे झाले. सातच लागणार होते. पाठवायला दुपारपर्यंत वेळ होता. मी नाव परत घातलं नाही. एकटं नाव पडद्यावर बरं दिसत होतं."

बावीस वर्षं मी या क्षणाची कल्पना करत आलो होतो. लोक काय म्हणतील, कोण उठून जाईल. मागच्या रांगेतून हात वर झाला.

"सर, एका फटक्यात अठ्ठावीस? कसे काय वाचवले?"

चाळीस माणसं पुढे सरकून बसली. दोघांनी वह्या काढल्या. माझ्या पापात कुणालाच रस नव्हता. अठ्ठावीस बाइटमध्ये सगळ्यांना होता.

आणि तिथेच मी अडकलो. कारण जे मी सांगितलं होतं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी टाकीपाशी मिलिंदलाही सांगणार नव्हतो.

"मी नाही वाचवले," मी म्हटलं. "सकाळी मिलिंदचा फोन आला होता. पिंपरी स्टेशनबाहेरच्या एक रुपयाच्या डब्यावरून. आवाज नीट येत नव्हता. म्हणाला, लूप उलटा फिरव, वरून शून्याकडे मोज, आणि भोंग्यासाठी केलेला आकड्यांचा तक्ताच डोंगरांना वापर. जागा होईल. कशासाठी होईल ते तो बोलला नाही. मला कळलं होतं. मी त्याने सांगितलं तसं केलं, आणि जागा झाली. त्याला सांगितलं, तरीही उरली नाही."

मग टाळ्या पडल्या. माझ्या कबुलीला नाही, तक्त्याच्या युक्तीला. दोघे-तिघे थेट साउंडच्या टेबलाकडे वळले. "सर, एकच तक्ता दोन्हीकडे? मग डोंगर आवाजाच्याच आकाराचे की हो." मिलिंद म्हणाला, "मग. नीट बघितलेच नाहीत कुणी."

इंट्रो सुरू झाली. आधी काळा पडदा आणि भोंगा. गुरुवारी या पट्ट्यात भोंगे वाजत नाहीत; त्या दिवशी तो एकच वाजला. बाहेर बसलेला आचारी उठून आत डोकावला. मग डोंगर आले, आणि मला ते पहिल्यांदाच दिसले. ते मी काढलेले डोंगर नव्हते. भोंगा चढत होता तिथे चढत होते, उतरत होता तिथे उतरत होते. शेवटी पडदा पुन्हा काळा झाला आणि मध्यभागी सहा इंग्रजी अक्षरं आली. शून्य. दोन्हीकडे भरपूर काळी जागा.

"सर, दोन मिनटांत घालते की नाव," श्रद्धा म्हणाली. तिने कीबोर्ड ओढलासुद्धा.

"तू नाही," मिलिंद म्हणाला. "ज्यानं काढलं त्यानं घालायचं. आणि चार हजार शहाण्णवच्या आत."

"मंग लावा की आता," अप्पा मला म्हणाले. "आडलंय कुठं?"

मिलिंद त्यांच्याकडे वळला. आवाजात काही नव्हतं, चहा विचारावा तसं त्याने विचारलं, "अप्पा, तुमच्या ताईचं लावलं का?"

अप्पा उठले. "जनरेटर बघून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. लाइट येऊन अर्धा तास झाला होता.

कांद्याच्या ताटात सगळ्यात जास्त पुड्या पडल्या.

कोथरूड

नाव परत घालायला मला अकरा दिवस लागले. श्रद्धाची दोन मिनिटं मी पुष्कळदा आठवली. मी शेवटचा प्रोग्राम लिहिला त्याला पंधरा वर्षं झाली असतील. स्लाइड करणाऱ्या बोटांना हे काही ऐकेना. चारदा फाइल चालेनाशी झाली. एकदा नाव आलं पण डोंगर गेले. आठव्या दिवशी मिलिंदला फोन करून विचारावं असं वाटलं, आणि मग लाज वाटली. त्याच्याच नावासाठी त्यालाच किती वेळा जागा करायला लावायची.

बाराव्या दिवशी सकाळी पडदा काळा झाला आणि दोन नावं आली. फाइल चार हजार पंचाहत्तर. मी ती मिलिंदला पाठवली. सोबत लांबलचक पत्र लिहिलं होतं, ते पुसलं.

दुपारी त्याचं उत्तर आलं.

"चालली. एकवीस उरलेत. अजून कुणाचं राहिलंय का बघ."

मी तेव्हा माणच्या नवव्या मजल्यावर होतो. समोर पुढच्या मीटिंगची स्लाइड उघडी होती, खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव. मी एक कागद घेतला आणि आठवतील तशी नावं लिहायला लागलो. एकवीसमध्ये बसत नाहीयेत.